हप्ता नंतर, आधी एकूण रक्कम

॥ श्री ॥

सातारा

चि. सोनू,



शिरवळच्या कंपनीत तू कायम झालास हे कळल्यापासून ताईचा आनंद मावत नाहीये. आता दसऱ्याला दुचाकी घ्यायची म्हणतोस. जरूर घे. रात्रपाळी सुटल्यावर हायवेवर एसटीची वाट बघत उभं राहणं तुझं सुटलं, तर सगळ्यात आधी मलाच बरं वाटेल. पण फोनवर तू म्हणालास, "मावशी, चार हजारच हप्ता बसतोय, पगारातून सहज निघेल," तेवढं मला खटकलं. शोरूमच्या हिशेबखात्यात मी बरीच वर्षं काढली. गिऱ्हाईक नुसतं हप्त्यावर बोलायला लागलं, की बाकीचं सगळं ठरवायची मोकळीक समोरच्याला मिळते, हे तिथे रोज बघत होते. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. कोटेशन हातात आलं की पत्र शेजारी ठेवून वाच.

आधी व्याजाचं. तुला ८०,००० रुपये कर्ज, मुदत दोन वर्षं आणि व्याज १० टक्के असं सांगितलंय. हा दर फ्लॅट आहे. म्हणजे पहिल्या दिवसाच्या ८०,००० वरच दोन्ही वर्षांचं व्याज धरलं, ते झालं १६,०००. एकूण ९६,०००, भागिले २४, म्हणून हप्ता ४,०००. पण तू दर महिन्याला मुद्दलही फेडत असतोस ना? मग शेवटच्या महिन्यातही पूर्ण ८०,००० वर व्याज का द्यायचं? घटत्या शिलकीवर मांडलं, तर हेच कर्ज वर्षाला १८ टक्क्यांच्या वर जातं. उद्या तुमच्या कंपनीच्या पतसंस्थेने घटत्या शिलकीवर १२ टक्के सांगितले, तर ते तुला महाग वाटतील. प्रत्यक्षात तिथे हप्ता ३,७६६ च्या आसपास बसेल आणि दोन वर्षांचं व्याज साडेदहा हजारांच्या आत राहील. दहा टक्क्यांपेक्षा बारा टक्के साडेपाच हजारांनी स्वस्त पडले. दर ऐकलास की पहिला प्रश्न हाच कर: फ्लॅट की रिड्युसिंग?

याच्यावर आणखी एक थर असतो. "दोन हप्ते ॲडव्हान्स आणि २,००० प्रोसेसिंग फी" असं सहज बोलून टाकतात. नीट मांडून बघ. ८०,००० च्या कर्जातून पहिल्याच दिवशी ८,००० हप्त्यांचे आणि २,००० फीचे गेले. तुझ्या कामी आले ७०,०००. उरलेले २२ हप्ते मिळून तू भरणार ८८,०००. या हिशेबाने दर वर्षाला २५ टक्क्यांच्या आसपास पोचतो. कोटेशनवर मात्र १० टक्केच लिहिलेलं असतं.

हा हिशेब तुला स्वतः करत बसायची गरज नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या कर्जांना रिझर्व्ह बँकेने 'की फॅक्ट स्टेटमेंट' सक्तीचं केलंय. कर्ज देणाऱ्याने ते करार होण्याआधी, तुला समजेल अशा भाषेत द्यायचं असतं. त्यात एपीआर नावाचा वार्षिक दर असतो. फीसकट सगळा खर्च धरून तो काढलेला असतो. दोन ठिकाणचे एपीआर शेजारी ठेवले की स्वस्त कोण ते कळतं. पत्रक मिळाल्यावर विचार करायला निदान तीन कामाचे दिवस मिळतात, आणि त्यात नसलेला आकार पुढे तुझ्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. तेव्हा "आजच सही केली तर हा रेट" असं कोणी म्हणालं, तर शांतपणे पत्रक मागून घे आणि घरी ये.

शोरूमची पोरं वाईट नसतात, हेही लक्षात ठेव. मूळ पगार थोडा, महिन्याचं टार्गेट डोक्यावर. गाडीमागे इन्सेंटिव्ह, कर्जाच्या केसमागे वेगळा, विमा, वाढीव वॉरंटी, ॲक्सेसरीज यांवर आणखी वेगळा. डीलरलाही फायनान्स कंपनीकडून केसमागे पेआउट मिळतो. रोख घेणाऱ्यालाही "फायनान्स करा की" असा आग्रह होतो तो यासाठी. त्यांच्याशी गोड बोल, पण तीन गोष्टींचा भाव वेगवेगळा ठरव: आधी गाडीची ऑन रोड किंमत, मग विमा, शेवटी कर्ज. तिन्ही एकत्र आल्या, की एकीकडे दिलेली सूट दुसरीकडे वसूल होते आणि तुझ्या लक्षातही येत नाही.

ऑन रोडचा आकडा ओळीने वाच. रस्ता कर आणि नोंदणीच्या शुल्कात घासाघीस नसते. पण 'हँडलिंग चार्ज' किंवा 'लॉजिस्टिक' असं काही दिसलं, तर ते सरकारी देणं नाही. कोणत्या नियमाने घेताय असं विचार आणि काढायला लाव. नव्या गाडीबरोबर आयएसआयचं हेल्मेट देणं मोटार वाहन नियमांत आहे, आणि एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीची एचएसआरपी पाटी कंपनीकडूनच येते. यांचे वेगळे पैसे देऊ नकोस. गार्ड, सीट कव्हर, कोटिंग यांचा 'किट' सक्तीचा नसतो.

विम्यातही बघ. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा बंधनकारक आहे. त्याचा दर सरकार ठरवतं. ७५ ते १५० सीसीसाठी २०२२ मध्ये तो ३,८५१ रुपये ठरला, जीएसटी वेगळा. तो कुठेही घेतलास तरी तोच. फरक पडतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागात आणि ॲड-ऑनमध्ये. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती कोणी करू शकत नाही. बाहेरचं एक कोटेशन खिशात ठेव, भाव आपोआप उतरतो.

आता सवलतींचं. सवलत खरी असते, पण ती कोण देतंय आणि का देतंय हे आधी समजून घे. मार्च २०१७ आठव. १ एप्रिलपासून बीएस-३ गाड्या विकायच्या नाहीत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २९ तारखेला दिला. देशभर सहा लाखांहून जास्त दुचाकी गोदामांत पडून होत्या. उरलेल्या दोन दिवसांत हीरो आणि होंडाने काही गाड्यांवर २२,००० रुपयांपर्यंत सूट दिली आणि शोरूमबाहेर रांगा लागल्या. कंपनीला माल काढायचा असला की भाव उतरतो. दरवर्षी डिसेंबरातही थोडंफार हेच होतं, कारण जानेवारीत तीच गाडी कागदावर एक वर्षाने जुनी ठरते. जुना स्टॉक घ्यायला हरकत नाही, पण विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म २१ वर, बनावटीचा महिना आणि वर्ष बघ आणि त्या मानाने किंमत कमी करून घे. उलट, २२ सप्टेंबर २०२५ ला ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, ती कपात सरकारची. ती कोणी 'आमची ऑफर' म्हणून सांगितली तर मान डोलवू नकोस.

'झिरो टक्के' असा फलक असेल तर एकच प्रश्न विचार: "रोख घेतली तर किती?" दोन किमतींतला फरक हेच व्याज. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच.

दसऱ्याच्या दिवशी शोरूममध्ये काय चालतं ते मला पाठ आहे. एकीकडे हार-नारळ, पेढ्यांचे बॉक्स, मुहूर्त टळू नये म्हणून घरच्यांची घाई, दुसरीकडे कोपऱ्यातल्या टेबलावर पोरगा टॅबवर बोट फिरवत म्हणतो, "दादा, ओटीपी आला असेल, सांगा." सोनू, तो ओटीपी म्हणजे तुझी सही आहे. समोरचं पान वाचल्याशिवाय तो सांगू नकोस. त्यापेक्षा कागदपत्रं आठवडाभर आधी उरक आणि दसऱ्याला फक्त गाडी आण.

हप्त्याच्या तारखेआधी दोन दिवस खात्यात पैसे असू देत. एक हप्ता बाऊन्स झाला तर बँकही आकार लावते, फायनान्सवालाही लावतो, आणि सिबिलवरचा डाग उद्या घरकर्जाच्या वेळी आडवा येतो. कर्ज फिटलं की एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत जा आणि आरसीवरचा बोजा उतरव. हे कोणी आपणहून सांगत नाही, आणि गाडी विकताना माणसं अडकून बसतात.

तुझा पगार तुझ्या घामाचा आहे. तो कसा खर्चायचा ते तूच ठरव, फक्त पूर्ण आकडा समोर ठेवून ठरव. डाऊन पेमेंट, सगळे हप्ते, फी आणि विमा यांची बेरीज एका कागदावर कर. ती बेरीज तुला पटली, तर बिनधास्त घे. कोटेशन आणि की फॅक्ट स्टेटमेंट यांचे फोटो ओटीपी देण्याआधी मला पाठव; मी त्याच रात्री बघून कळवते.

ताईला आणि भाऊजींना नमस्कार सांग. गाडी हळू चालव.

तुझी,
मावशी