जन्माआधीच बाप्तिस्मा!

विद्यार्थी मित्रांनो, ‘ज्या वर्षी गॅलिलिओ वारला, त्याच वर्षी न्यूटन जन्मला’ हे वाक्य तुम्ही वाचले असेल. मीही ते वर्गात अनेक वर्षे सांगत असे. एकदा एका विद्यार्थ्याने विचारले, ‘‘सर, हे कशावरून?’’ उत्तर शोधताना पदार्थविज्ञानाच्या या शिक्षकाला इतिहासातले चार शब्द नव्याने शिकावे लागले.

प्राथमिक साधन : घटनेच्या काळातच तयार झालेला पुरावा. पत्र, नाणे, शिलालेख, नोंदवही ही त्याची उदाहरणे होत. न्यूटनच्या जन्मगावाशेजारच्या कोल्स्टरवर्थ येथील चर्चच्या नोंदवहीत त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद आहे.

दुय्यम साधन : अशा पुराव्यांच्या आधारे मागाहून केलेले लेखन. चरित्रे व पाठ्यपुस्तके यात येतात. माझे वाक्य इथूनच आलेले होते.

कालगणना : आता गंमत पाहा. त्या वेळच्या इंग्रजी रीतीने न्यूटनचा जन्म २५ डिसेंबर १६४२ चा, तर बाप्तिस्मा १ जानेवारी १६४२ चा! मग बाप्तिस्मा जन्माआधी झाला काय? नाही. तेव्हा इंग्लंडात कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून डिसेंबरनंतरचा जानेवारीही १६४२ मध्येच मोडे.

आणखी एक भेद होता. जुन्या ज्यूलियन पंचांगाचे वर्ष खऱ्या सौरवर्षापेक्षा सुमारे ११ मिनिटांनी मोठे होते. ही चूक साचत गेली. म्हणून १५८२ साली पोप तेरावा ग्रेगरी याने १० दिवस गाळले. ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस १५ ऑक्टोबर धरला गेला. इटलीने हे नवे पंचांग लगेच स्वीकारले, इंग्लंडने मात्र १७५२ साली.

गॅलिलिओ वारला ८ जानेवारी १६४२ रोजी. ही तारीख इटलीतील, म्हणजे नव्या पंचांगाची. न्यूटनची तारीख जुन्या पंचांगाची. दोन्ही नव्या पंचांगात मांडल्या, तर न्यूटनचा जन्म ४ जानेवारी १६४३ ला येतो. दोन्ही जुन्यात मांडल्या, तर गॅलिलिओचा मृत्यू २९ डिसेंबर १६४१ ला जातो. कसेही मोजा, वर्ष एक येत नाही! दोन वेगळ्या मोजपट्ट्यांची मापे शेजारी ठेवल्यामुळेच ते सुंदर वाक्य तयार झाले होते.

साधनचिकित्सा : नोंद कोणी केली, केव्हा केली, कोणत्या कालगणनेत केली, हे तपासून मगच ती स्वीकारणे. ‘लांबी ५’ एवढेच लिहिले तर आम्ही गुण देत नाही. ५ मीटर की ५ सेंटिमीटर, असे विचारतो. तारखेलाही तसेच एकक असते.

आता तुमच्यासाठी एक प्रश्न. शिवजन्माची तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही होय. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, असे आपण शिकतो. त्याप्रमाणे १६२९ येते. पण शासनमान्य तारीख १९ फेब्रुवारी १६३० आहे. हे एक वर्ष कोठून आले? शके वर्षाचा पहिला महिना कोणता, ते आठवा. वहीत उत्तर लिहा आणि आपल्या इतिहासाच्या शिक्षकांना दाखवा.