पाहणे आणि विचार करणे

ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात पाष्टेपाडा नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेत संदीप गुंड या शिक्षकांनी २०१० नंतरच्या दशकात फळ्याच्या जोडीला पडदा आणला. विजेचा भरवसा नव्हता, म्हणून सौरशक्तीचे साहाय्य घेतले. पुढे ही ‘डिजिटल शाळा’ राज्यभर प्रसिद्ध झाली.

ज्याने समुद्र कधी पाहिला नाही, त्याला भरती-ओहोटी शब्दांनी समजावणे कठीण. पडद्यावर ती क्षणात कळते. चित्राची ही थोरवी कोण नाकारील? परंतु मुलांनो, वाचताना चित्र आपणांस मनातच रेखाटावे लागते, आणि तेवढ्या अवकाशात ‘हे खरे असेल काय?’ अशी शंका डोकावते. पडद्यावर सारे आयते मिळते. डोळ्यांना दिसले की मन चटकन मान डोलावते. वर्गात शिक्षक चित्र थांबवून ‘असे का झाले?’ म्हणून विचारू शकतात. हातातील फोन काहीच विचारीत नाही.

२०१८ साली याचा भयंकर प्रत्यय आला. मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवा तेव्हा फोनवरून देशभर पसरत होत्या. त्यांसोबत एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरून दोघेजण येतात आणि खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, एवढेच तीत दिसे. वास्तविक ती कराचीत पालकांना सावध करण्यासाठी केलेली होती. मूळ चित्रफितीत ते दोघे मुलाला लगेच परत आणून सोडतात. नेमका तेवढाच भाग कोणीतरी कापून टाकला होता! ‘पुढे काय झाले?’ असे विचारणारे थोडेच निघाले. १ जुलै रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे अशाच अफवेवर विश्वास ठेवून जमावाने भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच निरपराध माणसांचे प्राण घेतले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात निरोप पुढे पाठविण्यावर एका वेळी पाच ठिकाणांची मर्यादा घालण्याचे जाहीर केले. जी उसंत मनाने घ्यावयाची, ती यंत्राकडून घ्यावी लागली.

शहापूरला लागूनच मुरबाड तालुका आहे. तेथील फांगणे गावी योगेंद्र बांगर या शिक्षकांनी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू केली. साठी ओलांडलेल्या आजी गुलाबी लुगडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन वर्गात बसू लागल्या. अंगठा उठविणारे हात सही करू लागले. अक्षराला अक्षर जोडून होणारे हे वाचन मोठे संथ असते. ‘घ’ आणि ‘ध’ यांची गल्लत होऊ नये, म्हणून नवशिक्याला प्रत्येक अक्षरापाशी थांबून ते नीट न्याहाळावे लागते.