कुत्र्याचे चिखलाचे पाय

आपला गोंडपिपरी तालुका धानाचा. पाऊस लागला की बांध्यांत पाणी साचते. चिखलणी होते. मग रोवणी सुरू होते. घरची माणसे शेतावर जातात. त्यांच्यामागे घरचा कुत्राही जातो. रात्री रानडुकरे आली, तर आधी तोच भुंकतो.

सांजेला आपण घरी येतो आणि पायांवर पाणी घेतो. कुत्र्याच्या पायांकडे मात्र कोणी बघत नाही. आज आपण त्याच्या पायांचा धडा वाचू.

कुत्र्याच्या पंजाखाली गाद्या असतात. चार बोटांच्या चार लहान आणि मागे एक मोठी. बोटांच्या मध्ये केस असतात. तिथे चिखल अडकतो. वाळला की खड्यासारखा टणक होतो. चालताना तो कातडीला घासतो. कातडी सोलते. कुत्रा ती चाटतो. ओल राहते आणि जखम चिघळते. बाभळीचा काटा, गोचीड हेही तिथेच लपतात.

आता आमचीच एक चूक सांगतो. आमच्याकडे मोत्या नावाचा कुत्रा होता. एका पावसाळ्यात त्याच्या बोटांत जखम झाली. किडे पडू नयेत म्हणून आम्ही तिला फिनेल लावले. मोत्याने रात्रभर पाय चाटला. सकाळी त्याच्या तोंडाला फेस! उलट्याही झाल्या. शेजारी काठ्या घेऊन आले. म्हणाले, "गुरुजी, पिसाळला जी हा! मारून टाका." मोत्या साखळीला बांधलेला होता. आम्ही सर्वांना दूर उभे केले आणि गुरांच्या डॉक्टरांना बोलावले. त्यांनी सगळे विचारून घेतले. औषध दिले. मोत्या वाचला. जाताना डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, कुत्रा पाय चाटतो. त्याचा पाय म्हणजे त्याचे ताटच. ताटात कोणी फिनेल वाढते का?"

जन्मभर आम्ही पोरांना शिकवले. त्या दिवशी आम्ही शिकलो. जे पायाला लावाल, ते पोटात जाईल. म्हणून फिनेल, रॉकेल, चुना, कपडे धुण्याचा सोडा यांपैकी काहीही लावू नये. साधे पाणी पुरते.

पाय कसे धुवावे?

१. एका घमेल्यात चार बोटे पाणी घ्यावे. पाणी गरम केले असेल, तर आधी आपल्या मनगटावर घालून पाहावे. चटका बसता कामा नये.

२. कुत्र्याच्या समोर नव्हे, बाजूला बसावे. नावाने हाक मारावी. मानेवरून हात फिरवावा. मग हात हळूहळू पायाकडे न्यावा.

३. एका वेळी एकच पाय उचलावा, तोही थोडासाच. चालताना पाय पुढेमागे जातो, तसाच वळवावा. बाजूला ओढू नये. सांधा दुखतो.

४. पाय पाण्यात धरावा. चिखल आपोआप भिजू द्यावा. वाळलेला गोळा ओढून काढू नये. केस उपटतात.

५. बोटे हलकेच फाकवून पाहावे. काटा, गोचीड, चीर आहे का?

६. जुन्या धोतराच्या फडक्याने बोटांमधली ओल टिपावी. मग शाबासकी म्हणून भाकरीचा तुकडा द्यावा. दुसऱ्या दिवशी तो आपणहून पाय देईल.

कधी थांबावे?

कुत्रा अंग ताठ करतो, गुरगुरतो, दात दाखवतो, पाय मागे घेतो. म्हणजे तो सांगतो, "दुखते, सोडा." तेव्हा सोडावे. दुखणाऱ्या पायाला हात लावला, तर घरचा कुत्राही चावतो. हे काम लहान मुलांवर टाकू नये. काटा खोल असेल, तर जनावरांच्या दवाखान्यात न्यावे. ज्या कुत्र्याची वागणूक एकाएकी बदलली आहे, त्याला तर मुळीच हात लावू नये.

कुत्रा चावला, किंवा त्याचे नख लागून ओरखडा उठला, तरी हयगय करू नये. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेतून रोग येतो. रोग एकदा उमटला, की माणूस बहुधा वाचत नाही. पण आधी लस घेतली, तर रोग टळतो. सन १८८५ मध्ये फ्रान्स देशात लुई पाश्चर यांनी एका नऊ वर्षांच्या मुलाला अशी लस दिली. त्याला पिसाळलेला कुत्रा चावला होता. तो मुलगा जगला.

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. तीत हळद, चुना, तिखट भरू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. पूर्वी पोटात चौदा सुया घ्याव्या लागत. आता तसे नाही. दंडावर मोजक्याच सुया देतात. डॉक्टर सांगतील त्या तारखांना सगळ्या घ्याव्या. एकही चुकवू नये.

आपल्या कुत्र्यालाही दर वर्षी ही लस टोचून घ्यावी. आणि त्याचे पाय धुतल्यावर आपले हात साबणाने धुवावे. आपल्या हातांनाही रोवणीच्या भेगा असतातच ना?

सांगा पाहू :

१. मोत्याच्या तोंडाला फेस का आला?
२. कुत्रा "दुखते" हे कसे सांगतो?
३. ओरखडा उठला, तर आधी काय कराल? मग कुठे जाल?