जुनी पेनी तराजूत

जुने नाणे हाती आले की आपण प्रथम त्यावरची अक्षरे वाचू लागतो. राजा कोणता, साल कोणते, हे पाहतो. अक्षरे झिजलेली असली तर नाणे बाजूला टाकून देतो. परंतु नाणे केवळ अक्षरांतून बोलते असे नाही. त्याचे वजन, त्याचा धातू आणि त्याचा पृष्ठभाग यांवरही बरेच काही लिहिलेले असते. ते वाचावयाचे कसे, हे आपण ब्रिटनच्या जुन्या पेनीच्या उदाहरणावरून पाहू या. हे नाणे अमाप संख्येने पाडले गेले. त्यामुळे त्याची साधी सालवारी आजही स्वस्तात मिळते, आणि नवशिक्या संग्राहकाला ते परवडते.

ब्रिटनमध्ये १९७१ पर्यंत एका पौंडाचे २० शिलिंग आणि एका शिलिंगाचे १२ पेन्स होत असत. म्हणजे पौंडाला २४० पेन्स. हा हिशेब विचित्र वाटेल, पण आपल्याकडेही १९५७ पर्यंत रुपयाचे १६ आणे आणि आण्याच्या १२ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै होत्याच. मध्ययुगात पेनी चांदीची असे, आणि एक पौंड वजनाच्या चांदीतून २४० पेन्या पाडीत. ‘पौंड’ हे वजनाचे नाव पैशाला मिळाले ते यामुळे. (तो पौंड नंतरच्या व्यापारी पौंडाहून थोडा निराळा होता. येथून पुढे वजनाचा पौंड येईल तो व्यापारी, १६ औंसांचा, सुमारे ४५४ ग्रॅमचा.) आपल्याकडे नाते याच्या उलट दिशेने जुळले. इंग्रजी अमदानीतला रुपया बरोबर एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा होता. त्यामुळे ८० रुपये तराजूत टाकले की एक शेर होत असे. ‘रुपयाभार’ हा शब्द तुम्ही जुन्या पाककृतींत किंवा औषधांच्या कृतींत वाचला असेल.

आता १७९७ सालाकडे वळू. त्या काळी इंग्लंडात तांब्याच्या नाण्यांची फार वाईट अवस्था होती. बाजारात खोटी, हलकी नाणी बोकाळली होती. बर्मिंगहॅमजवळच्या सोहो येथील कारखानदार मॅथ्यू बोल्टन हा वाफेच्या एंजिनाचा सुधारक जेम्स वॉट याचा भागीदार. त्याने वाफेच्या बळावर चालणारी छापयंत्रे उभारली होती, आणि सरकारने पेन्या पाडण्याचे काम त्यालाच दिले. चकती एका पोलादी कड्यात बसवून तिच्यावर ठसा मारला जाई. त्यामुळे प्रत्येक नाणे बिनचूक गोल व एकसारखे निघे. हातांनी साचे कोरणाऱ्या खोटे नाणेवाल्यांना हे जमणे कठीण होते.

बोल्टनच्या पेनीचे वजन बरोबर एक औंस, म्हणजे २८.३५ ग्रॅम, आणि व्यास ३६ मिलिमीटर होता. दोन पेन्सचे नाणे दोन औंसांचे. नाण्यात त्याच्या किंमतीइतके तांबे असावे म्हणजे लोकांचा विश्वास बसेल, अशी त्यामागची कल्पना होती. नाण्याची कड रुंद व उंच असून अक्षरे त्या कडेत खोल दाबलेली होती, म्हणून लोक त्याला ‘गाडीचे चाक’ म्हणू लागले. गंमत म्हणजे ही नाणी पुढेही काही काळ पाडली जात होती, तरी सगळ्यांवर साल १७९७ हेच आहे.

याच सोहोच्या कारखान्यातून मुंबई इलाख्यासाठीही तांब्याची नाणी आली होती. त्यांवर १७९१ व १७९४ ही साले आढळतात. एका बाजूस ईस्ट इंडिया कंपनीचे चिन्ह, तर दुसऱ्या बाजूस तराजू आणि ‘अदल’ म्हणजे न्याय हा शब्द फारसी लिपीत. म्हणजे इंग्लंडच्या लोकांना बोल्टनची पेनी मिळण्याच्या आधीच मुंबईकरांच्या हाती त्याचे नाणे होते!

एक औंसाच्या पेनीत मात्र एक धोका दडलेला होता. थोडे गणित करू. एक पौंड तांब्यातून १६ पेन्या होतात. बाजारात तांब्याचा भाव पौंडाला १६ पेन्सच्या वर गेला तर काय होईल? नाणे वितळवून तांबे म्हणून विकणे फायद्याचे ठरेल. नेमके तेच झाले. तांबे महागत गेले आणि पुष्कळ जड पेन्या मुशीत गेल्या. १८०६ मध्ये नवी पेनी निघाली ती एका पौंडाला २४ या हिशेबाने, म्हणजे १८.९ ग्रॅमची. पुढे १८६० मध्ये तांब्याऐवजी ब्राँझ वापरण्यात आले. त्यात ९५ भाग तांबे, ४ भाग कथील आणि १ भाग जस्त होते. तांब्यापेक्षा हा मिश्रधातू कठीण, म्हणून झीज कमी. वजन पुन्हा निम्मे झाले: पौंडाला ४८, म्हणजे प्रत्येकी ९.४५ ग्रॅम. पेनीची किंमत आता तिच्यातल्या धातूवर अवलंबून राहिली नव्हती. ती सरकारच्या शब्दावर टिकून होती.

हे वजन मात्र पुढे ११० वर्षे बदलले नाही, आणि त्याचा मोठा उपयोग झाला. २४० पेन्यांचे वजन बरोबर पाच पौंड भरते, तुम्ही स्वतः ताडून पाहा. त्यामुळे पेन्यांची थैली मोजत बसण्याऐवजी वजन करून रक्कम सांगता येई. ब्राँझच्या अर्ध्या पेनीचा व्यास तर एक इंच ठेवला होता. ज्याच्या खिशात ती असे, त्याला पट्टीची गरज नसे.

आता प्रयोग. शाळेच्या प्रयोगशाळेत ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा इलेक्ट्रॉनिक तराजू असेल तर त्यावर पेनी ठेवा. समजा, वजन ८.९० ग्रॅम भरले. मूळच्या ९.४५ मधून ०.५५ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ ६ टक्के धातू हजारो खिशांत, गल्ल्यांत आणि बोटांवर झिजून गेला आहे. आता ती बारीक दोऱ्याने टांगून शुद्ध पाण्यात बुडलेली असताना वजन करा. हवेतले वजन भागिले वजनातील घट, म्हणजे घनता. ब्राँझच्या पेनीसाठी उत्तर ८.८ ते ८.९ च्या आसपास यावयास हवे. ७ च्या जवळ आले तर जस्ताचा संशय घ्या, ११ कडे झुकले तर शिशाचा. दोऱ्याला हवेचे बुडबुडे चिकटलेले नाहीत हे पाहा, नाहीतर घनता उगाच कमी येईल. हा प्रयोग झिजलेल्या, साध्या नाण्यावरच करावा, आणि नंतर नाणे मऊ कापडाने फक्त टिपून घ्यावे.

साल वाचता येत नसेल तर चित्र पाहा. मागच्या बाजूस बसलेली ब्रिटानिया आहे. तिच्या डावीकडे दीपस्तंभ व उजवीकडे जहाज असेल, आणि पुढे केसांचा अंबाडा घातलेली तरुण व्हिक्टोरिया असेल, तर नाणे १८६० ते १८९४ मधले. १८९५ पासून दोन्ही गेले. दीपस्तंभ परत आला तो १९३७ मध्ये. आपल्याला जवळची खूण लेखात आहे. १८९५ पासून पेनीवर ‘हिंदुस्थानचा सम्राट’ या अर्थाची लॅटिन अक्षरे ‘इंड इंप’ अशी संक्षेपाने येऊ लागली. १९४८ पर्यंतच्या नाण्यांवर ती आहेत, १९४९ च्या पेनीवर नाहीत. आपले स्वातंत्र्य असे ब्रिटिशांच्या खिशातल्या सुट्या पैशांवर उमटले. माझ्या मते १९४८ व १९४९ ची दोन नाणी शेजारी शेजारी ठेवण्याइतका सुंदर इतिहासाचा पाठ दुसरा नाही.

पंचम जॉर्जच्या सुरुवातीच्या पेन्यांत एक दोष पाहावयास मिळतो. ब्रिटानियाभोवती राजाच्या डोक्याची पुसट बाह्यरेषा दिसते. संग्राहक तिला ‘भूत’ म्हणतात. ठसा आदळला की धातू दाबाखाली वाहतो आणि जेथे खोलगट भाग असेल तेथे भरतो. राजाचे डोके मोठे व खोल कोरलेले होते. तेथे धातू ओढला गेल्याने मागच्या बाजूस तो कमी पडे. १९२८ पासून डोके लहान केले आणि भूत पळाले.

१९३३ च्या पेनीची कथा फार गाजलेली आहे. त्या वर्षी बाजारात पेन्या पुरेशा असल्यामुळे नव्यांची मागणीच नव्हती. इमारतींच्या कोनशिलेखाली चालू सालची नाणी ठेवण्याची प्रथा होती, तिच्यासाठी व संग्रहालयांसाठी म्हणून मोजक्याच, सुमारे सात पाडल्या गेल्या. त्यानंतर कित्येक वर्षे इंग्लंडातली मुले सुटे पैसे हाती आले की प्रथम साल पाहत. त्यांना १९३३ मिळाली नाही, पण १८६० पासूनची सगळी नाणी १९६० नंतरही चलनात असल्यामुळे शंभर वर्षांपूर्वीची पेनी मात्र दुकानदाराकडून सहज परत मिळे.

आता सर्वांत महत्त्वाचे. तांब्याचा गडू चिंचेने घासला की लखलखतो, हे आपण घरी पाहतो. चिंचेतले टार्टारिक आम्ल तांब्यावरचा ऑक्साइडचा तपकिरी थर विरघळवते. गड्वाला ते चालते, कारण तो वापरावयाचा असतो. नाण्याच्या बाबतीत तो थर म्हणजेच पुरावा. १९४४ ते १९४६ च्या पेन्या लंडनच्या टांकसाळीने मुद्दाम काळपट करून बाहेर काढल्या. लोकांनी नवी चकचकीत नाणी जपून ठेवू नयेत, हा हेतू सांगितला जातो. त्यासाठी वापरलेले रसायन म्हणजे छायाचित्रकारांचा हायपो, सोडियम थायोसल्फेट. अशी १९४५ ची पेनी कोणी चिंचेने उजळली, तर ती टांकसाळीतून निघतानाही नव्हती तशी दिसू लागेल. जाणकार असे नाणे एका दृष्टिक्षेपात ओळखतो आणि बाजूला ठेवतो. गेलेला थर पुन्हा आणता येत नाही.

नाणे नेहमी कडेने धरावे. घामातले क्षार बोटांचे ठसे कायमचे उमटवतात. मुंबई-कोकणच्या दमट, खाऱ्या हवेत हिरवे ठिपके लवकर उठतात. पी.व्ही.सी.च्या मऊ पिशव्या तर टाळाच. त्यांतून निघणारे आम्लयुक्त द्रव्य तांब्यावर हिरवा चिकट लेप चढवते. साधे, आम्लरहित कागदी पाकीट पुरते.

दुसऱ्या संग्राहकाला नाण्याविषयी विचारावयाचे असेल तर “माझ्याकडे फार जुने नाणे आहे” एवढ्याने त्याला काही कळत नाही. साल, वजन, व्यास, चुंबकाला चिकटते की नाही, आणि सालाच्या जवळ एखादे बारीक अक्षर आहे का, ते कळवावे. १९१२, १९१८ व १९१९ च्या काही पेन्यांवर ‘एच’ आढळते, तर नंतरच्या दोन सालांत काहींवर ‘के एन’ही. त्या लंडनला नव्हे, बर्मिंगहॅमच्या खाजगी कारखान्यांत पाडलेल्या होत्या. अशा एका टिंबाएवढ्या अक्षरावरून संग्राहकांची संध्याकाळ रंगते.

१५ फेब्रुवारी १९७१ रोजी ब्रिटनने दशमान पद्धती स्वीकारली आणि त्याच वर्षी ऑगस्टअखेर जुनी पेनी चलनातून गेली. नवी पेनी पौंडाचा शंभरावा भाग, म्हणजे २.४ जुन्या पेन्सची, पण वजन अवघे ३.५६ ग्रॅम. एका जुन्या पेन्सला आता १.४८ ग्रॅम ब्राँझ पुरू लागले. बोल्टनच्या काळी त्याच रकमेला २८.३५ ग्रॅम तांबे लागत होते. पुढे ब्राँझही महाग पडू लागले, आणि सप्टेंबर १९९२ पासून पेनी पोलादाची झाली, वर फक्त तांब्याचा मुलामा. १९९१ ची आणि १९९३ ची पेनी दिसावयास सारखीच. शेजारी ठेवून चुंबक फिरवा, एक उडी मारून चिकटेल, दुसरी जागची हलणार नाही.