सर्पदंशावरची लस: रिअ‍ॅक्शनला किती भ्यायचे?

प्रश्न: गेल्या वर्षी उसाला पाणी देताना भावाला घोणस चावली. लस सुरू होताच अंगावर गांधी उठल्या, थंडी वाजली. पुन्हा साप चावला तर लस घ्यावी का? आधी टेस्ट डोस घेता येईल का?
– एक वाचक, इंदापूर तालुका

उत्तर: विषबाधेची लक्षणे असतील तर लस घ्यायचीच. ती घोड्याच्या रक्तातील प्रतिद्रव्यांपासून बनते, म्हणून काहींना गांधी उठतात, थंडी वाजते. क्वचित रक्तदाब कोसळतो, श्वास अडकतो. हे बहुधा पहिल्या तीन तासांत घडते आणि लस थांबवून अ‍ॅड्रेनालिन दिले की बहुतेकदा आटोक्यात येते. मग लस पुन्हा सावकाश सुरू करतात. विषाने मात्र रक्त गोठेनासे होते, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि त्यावर दुसरा उतारा नाही. टेस्ट डोसवरून रिअ‍ॅक्शनचा अंदाज येत नाही, वेळ तेवढा जातो. एकदा त्रास झाला म्हणजे पुढे धोका जास्त, ही शंका रास्त आहे. पण त्यावर उपाय लस टाळणे नव्हे, तयारी ठेवणे. मागचे केसपेपर जपा, डॉक्टरांना आधीच सांगा. लस घेतल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी ताप, सांधेदुखी आली तरी दाखवा. साप चावल्यास आवळपट्टी, मांत्रिक यांत वेळ न दवडता १०८ला फोन करा आणि इंदापूर किंवा बारामतीचे सरकारी रुग्णालय गाठा.