पिकांचा श्वासोच्छ्वास व सायट्रिक आम्लाचें चक्र

ज्या गांवांत पूर्वीं ज्वारी पेवांत सांठवीत असत, तेथील वडील माणसांस एक रीत चांगली ठाऊक असे. पेवाचें तोंड उघडल्याबरोबर आंत कोणी उतरत नसे. पेव कांहीं वेळ उघडें ठेवून मग दोरीला पेटता दिवा बांधून तो खालीं सोडीत. दिवा विझला तर माणसास उतरूं देत नसत. उतावळेपणानें ही रीत मोडणारे कित्येक पेवांतच गुदमरून मेले, आणि त्यांना काढावयास मागोमाग उतरलेलेही मेले.

आतां प्रश्न असा कीं, पेव बंद केलें तेव्हां आंत चांगली हवा होती. मग ती गेली कोठें? पेवांत माणूस नव्हता, जनावर नव्हतें. होती ती केवळ ज्वारी. उत्तर असें आहे कीं, हवेंतील प्राणवायु ज्वारीनेंच वापरला आणि त्याच्या जागीं कर्बवायु सोडला. दाणा डोळ्यांस निर्जीव दिसला तरी तो जिवंत आहे, आणि जिवंत आहे म्हणूनच श्वास घेतो. दाण्यांत कीड किंवा बुरशी असली तर तीही त्याच हवेवर जगते. हा श्वास जिवंत पेशींत कसा चालतो, त्यांतून शक्ति कशी निघते, आणि हें ज्ञान शेतांत व कोठारांत कसें उपयोगी पडतें, हें या लेखांत पाहूं.

श्वास म्हणजे काय?— झाडें कर्बवायु घेतात व प्राणवायु सोडतात, म्हणजे त्यांचा श्वास आपल्या उलट आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. सूर्यप्रकाशांत हिरवें पान कर्बवायु व पाणी यांपासून साखर तयार करतें, ही झाडाची कमाई होय. पण ही साखर खर्च करून जगण्याचें काम झाडाचा प्रत्येक भाग रात्रंदिवस करीत असतो, आणि त्यासाठीं त्यास आपल्याप्रमाणेंच प्राणवायु लागतो. पान दिवसा कमावतें व खर्चही करतें. मूळ, फूल व दाणा हे मात्र केवळ खर्च करणारे आहेत. जमिनींतील मुळास प्रकाश नाहीं. पानानें पाठविलेल्या साखरेवर व मातींतील हवेवर तें जगतें.

या खर्चाचा हिशोब रसायनशास्त्रानें चोख मांडला आहे. १८० ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे द्राक्षांतील साखर, पूर्ण जाळण्यास १९२ ग्रॅम प्राणवायु लागतो. त्यापासून २६४ ग्रॅम कर्बवायु व १०८ ग्रॅम पाणी उत्पन्न होतें आणि सुमारें ६८६ किलोकॅलरी शक्ति मोकळी होते. साखर चुलींत जळो वा पेशींत, हा हिशोब बदलत नाहीं. फरक इतकाच कीं, चुलींत सर्व शक्ति एकदम उष्णतेच्या रूपानें निघून जाते. पेशींत मात्र तीच साखर पायरीपायरीनें मोडली जाते, त्यामुळें शक्तीचा कांहीं भाग हातीं धरून ठेवतां येतो. या पायऱ्यांपैकीं मुख्य त्या सायट्रिक आम्लाच्या चक्रांत आहेत.

चक्राचा शोध.— सायट्रिक आम्ल म्हणजे लिंबाची आंबटाई. स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ शेले यानें १७८४ सालीं तें लिंबाच्या रसांतून शुद्ध रूपांत वेगळें काढलें. पुढें दीडशें वर्षें तें फळांच्या चवीचें द्रव्य म्हणूनच विशेष ओळखलें जाई. १९३० नंतरच्या दशकांत हंगेरींतील सेंट-ग्यॉर्गी यांस असें आढळलें कीं, वाटलेल्या स्नायूंत सक्सिनिक, फ्युमॅरिक किंवा मॅलिक आम्ल अगदीं थोडें घातलें तरी स्नायूचा श्वास पुष्कळ वाढतो. घातलेल्या आम्लाच्या मानानें प्राणवायु कितीतरी अधिक खर्च होतो. म्हणजे हीं आम्लें स्वतः जळून संपत नव्हतीं, तीं दुसऱ्या कशाच्या तरी जळण्यास हातभार लावीत होतीं.

हें कोडें हॅन्स क्रेब्ज यांनीं सोडविलें. ते जन्मानें जर्मन ज्यू होते. १९३३ सालीं नाझी राजवटींत त्यांची फ्रायबुर्ग येथील जागा गेली व ते इंग्लंडांत आले. शेफील्ड येथें १९३७ सालीं विल्यम जॉन्सन या आपल्या विद्यार्थ्यासह त्यांनीं कबुतराच्या छातीच्या स्नायूवर प्रयोग करून दाखविलें कीं, सायट्रिक आम्लही हेंच काम करतें, आणि हीं सर्व आम्लें एकापासून एक होत शेवटीं पुन्हां पहिल्याशीं येऊन मिळतात. त्यांचें हें टिपण ‘नेचर’ या प्रसिद्ध नियतकालिकानें परत केलें, म्हणून तें हॉलंडमधील ‘एन्झायमोलॉजिया’ या पत्रांत छापलें गेलें. त्याच शोधासाठीं क्रेब्ज यांस १९५३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. कबुतराच्या स्नायूंत आढळलेलें हें चक्र वनस्पतींच्या पेशींतही चालतें, हें पुढें सिद्ध झालें.

चक्र कसें फिरतें.— विहिरीवरील रहाटगाडगें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस हें समजण्यास कठीण नाहीं. रहाटाचें गाडगें रिकामें खालीं जातें, भरून वर येतें, पाणी ओततें व पुन्हां रिकामें होऊन खालीं जातें. पाणी बदलत राहतें, गाडगें तेंच असतें.

प्रथम साखरेचा सहा कर्बांचा कण फुटून पायरुव्हिक आम्लाचे तीन तीन कर्बांचे दोन कण होतात. येथपर्यंत प्राणवायूची गरज नाहीं. नंतर हें आम्ल पेशींतील मायटोकॉन्ड्रिया नांवाच्या अतिसूक्ष्म कोठड्यांत शिरतें. तेथें त्याचा एक कर्ब कर्बवायु होऊन निघून जातो व दोन कर्बांचा असेटिल नांवाचा तुकडा उरतो. हें झालें रहाटांत भरावयाचें पाणी.

रिकामें गाडगें म्हणजे ऑक्झॅलोअसेटिक आम्ल. त्यांत चार कर्ब असतात. चार व दोन मिळून सहा कर्बांचें सायट्रिक आम्ल होतें. त्याची आंतील मांडणी थोडी बदलून मग त्यांतून एक कर्ब कर्बवायु होऊन निघतो, व पांच कर्बांचें आल्फा-कीटोग्लुटारिक आम्ल राहतें. आणखी एक कर्ब निघाला कीं चार कर्ब राहतात. पुढें सक्सिनिक, त्यापासून फ्युमॅरिक, त्यापासून मॅलिक, आणि शेवटीं पुन्हां ऑक्झॅलोअसेटिक आम्ल. गाडगें रिकामें होऊन मूळ जागीं आलें व फेरा पुरा झाला. साखरेच्या एका कणासाठीं असे दोन फेरे लागतात.

या आम्लांपैकीं मॅलिक आम्लाची ओळख आपल्या शेतकऱ्यांस फार जुनी आहे. हरभऱ्यावर रात्रीं फडकें पसरून पहांटे जी आंब धरतात, तिच्या आंबटपणांत मॅलिक आम्लाचा वांटा मोठा असतो.

शक्ति कोठें मिळते?— प्रत्येक फेऱ्यांत एके ठिकाणीं एटीपी नांवाच्या द्रव्याचा एक कण थेट तयार होतो. एटीपी म्हणजे पेशीच्या व्यवहारांतील चलनी नाणें. मुळानें पालाश आंत ओढणें, कोंब जमिनींतून वर येणें, नवी पेशी बांधणें, या सर्वांची मजुरी याच नाण्यांत चुकती होते. पण फेऱ्याचें खरें उत्पन्न निराळें आहे. चार ठिकाणीं आम्लांतून हायड्रोजन काढून घेतला जातो व तो वाहकद्रव्यांवर लादला जातो. तीन ठिकाणीं एनएडी हें वाहक असतें, एके ठिकाणीं एफएडी.

हे वाहक म्हणजे खळ्यावरून पोतीं उचलणारे हमाल समजावे. ते आपलें ओझें मायटोकॉन्ड्रियाच्या आंतील पडद्याशीं नेऊन उतरवितात. तेथें हायड्रोजनमधील विद्युत्कण हातोहात पुढें जात शेवटीं प्राणवायूस मिळतात व पाणी तयार होतें. या प्रवासांत जी शक्ति सुटते तिच्या जोरावर हायड्रोजनचे भारित कण पडद्याच्या एका बाजूस कोंडले जातात. बंधाऱ्यामागें अडविलेलें पाणी पाटानें सोडून त्यावर चक्की फिरवावी, त्याप्रमाणें हे कोंडलेले कण परत वाहतांना एटीपी बनविणारें सूक्ष्म यंत्र फिरवितात. ही उपपत्ति पीटर मिचेल यांनीं १९६१ सालीं मांडली व तिजबद्दल त्यांस १९७८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत धरावी. चक्रांतील एकाही पायरीवर प्राणवायु स्वतः भाग घेत नाहीं. तरी प्राणवायु नसेल तर चक्र थांबतें. कारण ओझें उतरवावयास जागा न राहिल्यानें हमाल लादलेलेच उभे राहतात, आणि खळ्यावरचें नवें पोतें उचलावयास कोणी मोकळा उरत नाहीं. मग पेशी साखर अर्धवट मोडून मद्यार्क बनविते व कसाबसा जीव धरते. प्राणवायु असतां साखरेच्या एका कणापासून एटीपीचे सुमारें ३० ते ३२ कण मिळतात. तो नसतां केवळ २ मिळतात. ज्या घरास ३० रुपयांचा खर्च आहे त्यास २ रुपयांत किती दिवस काढतां येतील?

शेतांतील उपयोग: वाफसा.— आपले लोक ‘वाफसा आल्यावांचून शेतांत पाऊल घालूं नये’ असें म्हणतात. वाफसा म्हणजे मातीच्या कणांमध्यें ओल व हवा दोन्ही योग्य प्रमाणांत असणें. पाण्यांतून प्राणवायु हवेंतल्यापेक्षां सुमारें १०,००० पट सावकाश पसरतो. म्हणून काळ्या जमिनींत पाणी सांचून मातीचीं सर्व छिद्रें भरलीं कीं, मुळें व मातींतील जंतु शिल्लक प्राणवायु थोडक्याच वेळांत, उष्ण दिवसांत तर एका दिवसाच्या आंतबाहेर, संपवून टाकतात. नंतर मुळांतील चक्र थांबतें. तूर किंवा कपाशी पाण्यांत उभी असूनही सुकल्यासारखी माना टाकते ती याचमुळें. मूळच अशक्त झाल्यानें तें पाणी वर चढवूं शकत नाहीं.

अशा वेळीं पान पिवळें पडलें म्हणून कित्येक जण लगेच युरिया टाकतात. त्यांनीं हें चक्र आठवावें. अमोनियाच्या रूपानें आलेला नत्र पिकाच्या अंगीं लागण्यास कर्बाचा सांगाडा लागतो, व तो आल्फा-कीटोग्लुटारिक आम्लापासून, म्हणजे याच चक्रांतून, मिळतो. चक्र बंद असलेल्या मुळापुढें खत टाकणें म्हणजे आजाऱ्यापुढें पक्वान्न वाढणें होय. आधीं चर काढून पाणी बाहेर लावावें, वाफसा येऊं द्यावा, आणि मग खत द्यावें. जेथें दरवर्षीं पाणी सांचतें तेथें पेरणीपूर्वींच उताराच्या बेतानें चर आंखावे व रुंद वरंब्यावर पेरावें. भाताची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या खोडांत व मुळांत हवेच्या पोकळ्या असतात व त्यांतून वरची हवा खालीं पोहोंचते. भाताचें पाहून तुरीस पाण्यांत उभें करूं नये.

कोठारांतील उपयोग.— दाणा जितका ओला तितका त्याचा श्वास जलद. श्वासानें पाणी व उष्णता उत्पन्न होतात हें वरील हिशोबांत आलेंच आहे. पेशी साखरेंतील शक्तीपैकीं सुमारें एक तृतीयांशच एटीपीमध्यें धरूं शकते; बाकीची उष्णतेच्या रूपानें बाहेर पडते. म्हणून ओलसर धान्याच्या राशींत हात घातला तर तो ऊन लागतो. त्या ओलीनें बुरशी वाढते, बुरशीच्या श्वासानें आणखी ओल व उष्णता होते, आणि राशीचें वजन व उगवणशक्ति दोन्ही घटतात. ज्वारी, गहूं वगैरे धान्यें चांगलीं वाळवून, ओलावा शेंकडा १२ च्या आंत आल्यावरच भरावीं. दाणा दांताखालीं कटकन फुटला पाहिजे. धान्य चांगलें वाळलेलें असेल तर हवाबंद सांठवण उत्तम. आंतील प्राणवायु संपला कीं किडीचें चक्र थांबतें व ती मरते. पेवांत धान्य टिके तें याच कारणानें. पण ओलें बियाणें हवाबंद ठेवल्यास त्याचाही जीव जातो.

पेव व विहीर यांत उतरणारांस सूचना.— पेवें आतां बहुतेक बुजलीं असलीं तरी जुनीं पेवें, खोल विहिरी व धान्याचे बंद कोठे अजून आहेत. कर्बवायु हवेपेक्षां जड असल्यानें तळाशीं सांचतो. दिवा विझला तर उतरूं नयेच. परंतु दिवा जळत राहिला म्हणजे जागा निर्धोक ठरली असेंही समजूं नये, कारण माणसास घातक होईल इतका कर्बवायु असूनही कित्येकदां ज्योत तग धरते, आणि दुसरे कांहीं विषारी वायु ज्योतीस मुळींच विझवीत नाहींत. आधीं पुष्कळ वेळ मोकळी हवा खेळूं द्यावी, जमल्यास पंख्यानें हवा आंत सोडावी, उतरणाराच्या कमरेस दोर बांधावा व तो वर दोघांनीं धरावा. आंत माणूस पडला तर दुसऱ्यानें तसेंच खालीं उडी घालूं नये. दोरानेंच वर ओढावें.

दाणा, मूळ व माणूस या तिघांच्या पेशींत एकच रहाट फिरत आहे आणि तिघांसही एकच वायु लागतो. दाण्याचा श्वास मंद ठेवावा, मुळाचा मोकळा ठेवावा, आणि दाण्यानें हवा वापरून टाकलेल्या जागीं आपला जीव घालूं नये. आपल्या शेताचा निचरा व कोठ्याची कोरड यंदाच्या पावसाळ्यापूर्वीं प्रत्येक शेतकरी बंधूनें पाहून ठेवावी.