काम संपलं त्याच दिवशी अवजार पुसून ठेव

बाळा, ट्रॅक्टरची निगा सगळेच राखतात. त्याला शेड असते, वेळेवर ऑईल बदललं जातं. त्याच्या मागे जोडायची अवजारं मात्र काम झालं की बांधाला, नाहीतर बाभळीखाली पडून राहतात. आज नवा रोटर घ्यायचा तर लाखाच्या पुढे पैसे मोजावे लागतात. एवढ्या पैशाचं लोखंड पावसात कुजवणं आपल्याला परवडणारं नाही. म्हणून चार गोष्टी सांगतो. काही आजोबांकडून आल्यात, काही मिस्त्री लोकांनी शिकवल्यात, आणि सगळ्या मी वापरून पाहिल्यात.

सगळ्यात मोठी गोष्ट आधी. अवजाराची आवराआवर काम संपलं त्याच दिवशी करायची, ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही. चालता फाळ गंजत नाही, माती त्याला रोज घासून लख्ख ठेवते. गंज धरतो तो अवजार थांबल्यावर. लोखंडाला पाणी आणि हवा दोन्ही भेटली की गंज सुरू होतो. आपली काळी माती तर ओल लवकर सोडत नाही. वरून ढेकूळ सुकलेलं दिसतं, पण आत पत्र्याला लागून ते ओलंच असतं. रोटरच्या पात्यांच्या मुळाशी, बोल्टांच्या भोवती बोट घालून बघ, म्हणजे कळेल.

प्रत्येक अवजाराचा विसावाही वेगळा. पलटी नांगर पावसाआधी थांबतो तो पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. पेरणीयंत्र सोयाबीन पेरून झालं की गहू-हरभऱ्यापर्यंत मोकळं. म्हणून सगळ्यांची एकदम स्वच्छता करू असा बेत ठेवू नकोस. जे थांबलं ते त्या दिवशी आवरायचं.

धुण्याआधी माती खरवडून काढ, तारेचा ब्रश फिरव, मग पाणी मार. प्रेशरच्या पंपाने धुताना धार बेअरिंगवर आणि सीलवर धरू नकोस, पाणी आत शिरतं आणि तिथून निघत नाही. धुतल्यावर कडक उन्हात वाळव. आभाळ असेल तर कोरड्या फडक्याने पूस आणि कानाकोपऱ्यात कॉम्प्रेसरची हवा मार. ओल्या लोखंडावर तेल फासलं तर ओल तेलाखाली कोंडली जाते.

पेरणीयंत्राच्या खताच्या पेटीकडे जास्त लक्ष दे. युरिया आणि पोटॅश हवेतली ओल ओढून घेतात, आणि त्या खारट ओलीने पत्रा साध्या पाण्यापेक्षा फार लवकर खाल्ला जातो. पेटी नुसती उलटी करून भागत नाही. तळाशी, खत सोडणाऱ्या चाकांच्या खाली घट्ट बसलेला थर असतो, तो कोमट पाण्याने भिजवून काढावा लागतो. नळ्या काढून धू. बियाण्याचा एक दाणाही आत ठेवू नकोस. दाण्याच्या वासाने उंदीर येतात आणि नळ्या कुरतडतात.

द्राक्षबागेच्या ब्लोअरचंही तसंच. बोर्डो मिश्रण जमलं का ते बघायला आपण त्यात लोखंडी सळई बुडवतो. तांबूस थर चढला तर चुना कमी पडला म्हणतो. तो थर मोरचुदातल्या तांब्याचा असतो, आणि त्याच्या बदल्यात तेवढं लोखंड विरघळून गेलेलं असतं. हे डोळ्यांदेखत दिसत असताना ब्लोअरचा सांगाडा आणि बोल्ट तसेच निळे ठेवून कसं चालेल? फवारणी संपली की टाकी, नळ्या, नोझल आणि खालचं सगळं लोखंड साध्या पाण्याने धुवायचंच.

आता तेल. जळकं ऑईल फासायची आपल्याकडे जुनी सवय आहे, ती सोड. त्यात इंजिनातली काजळी आणि आम्ल असतं, ते पातळ होऊन गळतं आणि खालची माती खराब करतं. फाळ, माती उलथणारा पत्रा, रोटरची पाती, अशा मातीत घासून चकाकणाऱ्या भागांना ताज्या ग्रीसचा हात दे. ग्रीस ब्रशने पसरत नसेल तर त्यात थोडं डिझेल मिसळ. या भागांना रंग कधी देऊ नकोस, रंगावर माती चिकटते. नांगराचा पत्रा गंजला तरी तेच होतं. काळी माती त्यावरून घसरत नाही, नांगर जड जातो आणि डिझेल वाढतं. रंग सांगाड्याला द्यायचा. गंज खरवडून आधी रेड ऑक्साइड, ते वाळलं की वरून ऑईलपेंट.

ग्रीसच्या प्रत्येक निप्पलला गन लावून जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत भर. पीटीओ शाफ्टचे दोन्ही भाग वेगळे करून आतून ग्रीस लाव, नाहीतर ते एकमेकांत अडकून बसतात. रोटरच्या गिअरबॉक्समधलं ऑईल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय असं समज आणि बदलूनच ठेव. हायड्रोलिक ट्रॉली खाली बसवून जॅकचा दांडा आत घे, म्हणजे त्याची चकाकी शाबूत राहते.

अवजार कधी मातीवर टेकवू नकोस. आजोबा पेरणीची पाभर गोठ्याच्या आढ्याला टांगून ठेवायचे, त्यामागे हाच विचार होता. आपण दगडी फरशी किंवा लाकडी ठोकळे घालू. ठोकळ्यावर जाड प्लॅस्टिकचा तुकडा ठेव, कारण लाकूडही ओल धरतं. ताडपत्री टाकलीस तर खालून वारा खेळू दे, चहूबाजूंनी आवळून बांधलंस तर आतच घाम धरतो. आणि खाली वाकून काम करताना हायड्रोलिकच्या भरवशावर राहू नकोस. इंजिन बंद, चावी खिशात, अवजार ठोकळ्यांवर, मगच हात घाल.

पाऊस संपला की धोका टळला, असं आपल्या निफाडात नसतं. थंडीत इथला पारा कितीदा एक आकड्यावर येतो. रात्री लोखंड गार पडतं आणि पहाटे त्यावर दव धरतं. पत्र्याच्या शेडला आतून पाणी सुटतं आणि खाली ठेवलेल्या नांगरावर टपकत राहतं. पावसाआधी दिलेला ग्रीसचा हात तोवर विरळ झालेला असतो. म्हणून दुसरा हात खंडेनवमीला द्यायचा. त्या दिवशी अवजारं आपण पुजतोच. फुलं वाहण्याआधी प्रत्येक अवजारावरचं जुनं ग्रीस फडक्याने पूस, कुठे तांबूस डाग दिसतो का ते बघ, डाग घासून काढ आणि नवा हात दे.

पूजा झाली की वही घेऊन बस. कोणता फाळ झिजला, किती पाती बदलायची, कुठला बोल्ट मळसूत्र सोडतोय, वेल्डिंग कुठे तडकलंय, सगळं लिहून काढ. नांगरट तोंडावर आली की दुकानात गर्दी असते, मिळेल तो माल घ्यावा लागतो, आणि वेल्डिंगवाल्यालाही फुरसत नसते. दसऱ्यानंतर तोच माल पारखून घेता येतो आणि मिस्त्रीही नीट काम करून देतो. यंदाची यादी मी सांगेन, तू लिही. पुढल्या वर्षी तू सांग आणि धाकट्याला लिहायला लाव.